तहरीमचे सहा घास

जठारपेठ, अकोला
११ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. फोनवर आई तुमच्या वाट्याला दोनच मिनिटं ठेवते आणि त्यातही मागून सूचना करते, म्हणून आपण दोघांनी पत्रंच लिहायची ही तुमची अट मला मान्य आहे. फक्त अक्षर जरा मोठं काढा. तुमचं पत्र वाचायला मला खिडकीत जाऊन उभं राहावं लागतं आणि समोरच्या काकूंना वाटतं, मला कुणाचं तरी प्रेमपत्र आलंय.

अभ्यासक्रमाचे दोन महिने झाले. तुम्ही श्रावणातल्या पूजांना जाता तिथे घरोघरी सांगत असाल की मुलगी अकोल्याला शिक्षिका झाली, तर तसं सांगू नका. आम्ही शिकतो ते जन्मापासून सहा वर्षांपर्यंतच्या दिव्यांग मुलांसोबत आणि त्यांच्या घरच्यांसोबत काम करायला. शनिवार-रविवार वर्ग आणि बाकी दिवस लोकांच्या घरी. माझ्या वाट्याला तीन मुलं आली आहेत. त्यातली एक माझी फार लाडकी झाली आहे, आणि हे आमच्या प्रशिक्षण केंद्राच्या मॅडमना सांगायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

तिचं नाव तहरीम. वय तीन वर्षं, गाव बार्शीटाकळी. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे हातपाय ताठ राहतात, शब्द चार-पाचच येतात. पण समज एकदम चोख. कुणी चेष्टा केली की सगळ्यांच्या आधी हसते. वडील बशीरभाई, त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान घराच्या पुढच्याच खोलीत आहे. मी गेले की आधी माझ्या केसांवर कापूस बसतो, मग कामाला सुरुवात होते.

आता मुख्य गोष्ट. गल्लीच्या टोकाला अंगणवाडी आहे. तिथल्या सेविका दीक्षाताई तहरीमला घ्यायला नाही म्हणत नाहीत, नियमानं म्हणताही येत नाही. पण त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या की माझ्यापाशी अठ्ठावीस पोरं हायेत, मदतनीसची जागा रिकामी हाय, या पोरीले भरवत बसलो तर बाकीचे उपाशी राह्यतीन. पोरगी स्वतःच्या हातानं खाऊ लागली की दुसऱ्या दिवसापासून आणून बसवा, असा त्यांनी शब्द दिला. मदतनीस मागायचा अर्ज मॅडम वर पाठवताहेत, पण तो कधी मंजूर होईल कोण जाणे. नवीन वर्षापर्यंत मी हे करून दाखवणार आहे. गल्लीतली सगळी पोरं सकाळी त्या दारासमोरून अंगणवाडीत जातात आणि तहरीम उंबऱ्याशी बसून प्रत्येकाला हात करते, ते मला बघवत नाही.

आणि करून दाखवणार म्हणजे दाखवणारच. मी दर मंगळवारी अकरा वाजता जाते. माझी निळी पिशवी उघडली की तिचे डोळे चमकतात. त्यात जाड दांड्याचा वाकवलेला चमचा आहे, खाली न घसरणारी ताटली आहे, रंगीत वाट्या आहेत. केंद्रातून एक छोटी प्लास्टिकची खुर्चीही नेते. गेल्या मंगळवारी तिनं माझ्यासमोर चमच्यानं सहा घास खाल्ले! एक सांडला, तो मी धरलेला नाही. तिची आई चहा आणि गरम भजी घेऊन आली तोवर वाटी रिकामी. दोन महिन्यांत सहा घास, तर पाच महिन्यांत किती, हे गणित तुम्हीच करा.

आईला म्हणावं, डबा लावला आहे, उपाशी नाही. तुमचा लोभ आहे हे ठाऊक आहे, तो मोठ्या अक्षरात कळवावा.

तुमची,
अवनी


अंबापेठ, अमरावती
१८ ऑगस्ट २०२४

चि. अवनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीन घरी वाचून दाखवलं. त्यापैकी एका घरी सत्यनारायणाचा प्रसाद थंड झाला, पण यजमानांनी तक्रार केली नाही. सहा घास ऐकून यजमानीणबाईंनी डोळ्याला पदर लावला. तू मला शिक्षिका म्हणू नका म्हणालीस, तेव्हा मी काहीच म्हटलं नाही, नुसतं पत्र वाचलं. बाकी लोक काय समजायचं ते समजले.

श्रावणात मला उसंत नाही. सकाळी सहाला बाहेर पडतो, गुडघे कुरकुरतात, तरी स्कूटर अजून माझं ऐकते. तुझ्या आईचा आग्रह आहे की आता घरं कमी करावीत. मी म्हटलं, मुलगी दर आठवड्याला बार्शीटाकळीला बसनं उभी जाते, तर मला अंबापेठेतून राजापेठेत जायला काय झालं? अक्षर मोठं काढलं आहे, पाहा.

तब्येतीला जप. आम्हा दोघांचा जीव तिकडेच लागलेला असतो, हे फोनवर बोलायची मला संधी मिळत नाही, म्हणून इथे लिहिलं.

तुझा,
बाबा

ता. क. मी आई. पत्र मीही वाचलं. त्या मुलीचं नाव आहे, वडिलांचं आहे, सेविकेचं आहे, काकू आहेत, मॅडम आहेत. तिच्या आईचं नाव काय ग? ती दीड पानात एकदाच आली आणि तीही भजी घेऊन.


अकोला
२५ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईच्या ता. क.चा मला तेव्हा राग आला होता, म्हणून महिनाभर पत्र लिहिलं नाही. तिचं नाव बिल्कीस. आता हे पत्र तिच्याबद्दलच आहे आणि त्यात मला शाबासकी मिळण्यासारखं काही नाही.

ऑगस्टच्या शेवटी सहाचे आठ घास झाले. मी खूश. मग मी बिल्कीसभाभींना सहज विचारलं की बाकीच्या दिवशी किती खाते. त्या म्हणाल्या की एकही नाही, तुमी आल्यावरच खाते, घरी मीच भरवते. मी त्यांना पुन्हा सगळं सांगितलं, कागदावर चित्रं काढून दिली. पुढच्या मंगळवारी तेच, त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. मला वाटलं, मी अकोल्याहून धक्के खात येते आणि घरच्यांना रोज पंधरा मिनिटं होत नाहीत. तेव्हा मी महिन्याच्या टिपणात लिहिलं, "बालिकेची प्रगती समाधानकारक. आईचा सहभाग अत्यल्प."

टिपणाची एक प्रत घरी द्यायची असा आमच्याकडे नियम आहे. मी ती न विचार करता दिली. भाभींना उर्दू वाचता येतं, मराठी अक्षर जड जातं. त्यांनी ती हौसेनं बशीरभाईंना वाचायला दिली, आणि त्यांनी दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं वाचली.

काल मी गेले तर भाभी बाहेर आल्याच नाहीत. बशीरभाई कापूस बाजूला सारून उठले, मला पाणी दिलं. एक शब्द वर चढवून बोलले नाहीत. म्हणाले की मॅडम, तुमी येता म्हणून पोरीची माय पहाटेपासून घर सारवून-पुसून ठेवते, पोरीले ईदचा फ्रॉक घालते, अन् तुमी बसल्या का ते चुलीपाशी राह्यते. पावण्याले काही न देता कसं बसवावं? मंग सहभाग कुठून येईन, तुमीच सांगा. आता येऊ नका, असं ते म्हणाले नाहीत. सध्या राहू द्या, एवढंच म्हणाले. आत तहरीम माझी पिशवी बघून हाका मारत होती, ते ऐकत मी परत फिरले.

बसस्टँडवर पहिल्यांदा मला रागच आला. मी हिच्यासाठी किती केलं, वगैरे. बस हलल्यावर लाज वाटायला लागली. मी साडेतीन महिने त्या घरी भजी खाल्ली, बाबा, आणि वर लिहून आले की ही बाई काही करत नाही. मॅडम रागावल्या नाहीत, हवं तर दुसरं मूल देते म्हणाल्या. ते सोपं आहे. पण मग तहरीम उंबऱ्यावरच राहील, आणि ते माझ्यामुळे. मी काय करू?

पत्राला उत्तर लवकर द्या. या खेपेला अक्षर कसंही असलं तरी चालेल.

तुमची,
अवनी


अमरावती
२९ सप्टेंबर २०२४

चि. अवनीस,
अनेक आशीर्वाद.

पक्ष पंधरवडा चालू आहे, रोज दोन-तीन घरी श्राद्धं असतात. तरी आज दुपारची झोप सोडून लिहितो आहे, यावरून काय ते समज.

मी वीस वर्षांचा असताना तुझ्या आजोबांनी मला पहिल्यांदा एकट्याला पूजेला पाठवलं. यजमान म्हणजे गांधी चौकातले एक म्हातारे वकील. हात थरथरायचे. पळीभर पाणी ताम्हनात सोडायला त्यांना मिनिट लागायचं, आणि निम्मं सोवळ्यावर सांडायचं. मला पुढे दोन घरं होती. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या हातातून पळी घेतली आणि त्यांच्या वतीनं मीच पाणी सोडलं. मग अक्षता मीच वाहिल्या, फूल मीच वाहिलं. पूजा अर्ध्या वेळात झाली, मंत्र एकही चुकला नाही. वकीलसाहेब हात जोडून पाटावर नुसते बसून राहिले. घरी येऊन मी बढाई मारली, तर आजोबा एवढंच म्हणाले की पूजा कुणाची होती?

भटजीनं सांगायचं असतं, करायचं यजमानानं. हे तू माझ्या घरात वीस वर्षं पाहिलंस आणि चमचा हाती आल्याबरोबर विसरलीस. मीही विसरलो होतो, म्हणून फार बोलत नाही. तुझं पत्र तीन घरी वाचून दाखवलं त्यात माझीही चूक आहे. सहा घास ऐकून मी इतका फुगलो की ते कुणाच्या घरात, कुणाच्या हातून व्हायला हवेत हे मला सुचलं नाही. ते तुझ्या आईला सुचलं, आणि ती आता पंधरा दिवस मला ऐकवते आहे.

दुसरं मूल घेऊ नकोस. जा आणि माफी माग. टिपणाचे नियम, कामाचा ताण, मॅडम काय म्हणाल्या, यातलं काही सांगू नकोस. चुकलं, एवढंच म्हण. बशीरभाईंनी जिथे वाचलं तिथेच म्हण, म्हणजे दुकानात, कुणी बसलेलं असलं तरी. तुझी मान खाली जाईल. जाऊ दे. तिचीही गेली होती.

त्यांनी घरात घेतलं तर पिशवी नेऊ नकोस. आणि चहा नाकारू नकोस, तो वेगळाच अपमान होईल. तुझ्यावरचा आमचा लोभ अशा एका टिपणानं कमी होणारा नाही, एवढं धरून चाल.

तुझा,
बाबा

ता. क. त्यांनी लिहिलं ते सगळं बरोबर आहे, फक्त पंधरा दिवस नाही, महिना झाला. बिल्कीसला म्हणावं, माझ्या मुलीला भजी तळून घालत जाऊ नकोस, तिला पित्त होतं. तिलाच पीठ कालवायला बसव. — आई


अकोला
२२ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

गेले. दुकानात तीन माणसं होती, एक तर लग्नाच्या गाद्यांचा भाव करत होता. मी म्हटलं की मी लिहिलेलं चूक होतं, भाभी दिवसभर जे करतात ते मी पाहिलंच नाही, मला माफ करा. गाद्यांचा भाव थांबला. पडद्यामागून बिल्कीसभाभी बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या की माफी ठीक हाय, पन मले एक सांगा, तुमी मले एकदा तरी इचारलं का, का बाई तू भरवते कशी?

नव्हतं विचारलं, बाबा. चार महिन्यांत एकदाही नाही. तेव्हा तिथेच विचारलं. त्या म्हणाल्या की एक वाजता या, जेवायच्या टाइमाले, अन् रिकाम्या हातानं या.

तेव्हापासून एक वाजता जाते, आठवड्यातून दोनदा. मला आधी माहीतच नव्हतं की हे सगळे खाली दस्तरखान अंथरून हातानं जेवतात. चमचा त्या घरात फक्त डब्यातली साखर काढायला! आणि तहरीमला भाभी अर्धा तास आधीच, एकटीला, मांडीवर आडवी घेऊन भराभर भरवून टाकत. का, ते त्यांनीच सांगितलं. सांडलं की नातेवाईक बघतात, कोणी हळहळतं, कोणी तोंड फिरवतं, म्हणून सगळे बसायच्या आत आटपून घ्यायचं. हे सांगताना त्या रडल्या आणि रडता रडता भाकर थापतच होत्या. मीही रडले. मला भाकर थापता येत नाही म्हणून नुसतीच रडले.

आता कामाचं. पोरगी सरळ बसली, पाय टेकले, तर हात मोकळा होतो, एवढं मी सांगितलं. पुढचं सगळं त्यांचं आहे. बशीरभाईंनी माझ्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे बघून नाक मुरडलं. रात्रीतून कापूस ठासून ठासून एक घट्ट बैठक शिवली. मागे लोड, दोन बाजूंना दोन, मधे पायांच्या फटीत एक छोटा. तहरीम त्यात नबाबासारखी बसते आणि घसरत नाही. ताटलीखाली ओला फडका घालायची युक्ती भाभींची. दाल पातळ ठेवायची नाही, खिचडी घट्ट करायची, म्हणजे बोटांत राहते, हीही त्यांचीच. मी समोर बसून हात धरायचे, त्या मागे बसून नुसतं कोपर धरतात. आमच्या पुस्तकात हे आहे, बाबा. मी वाचलं होतं, खाली रेघही मारली होती.

आणि सगळे जेवतात तेव्हाच ती जेवते. आधी नाही. पहिल्या दिवशी दोन घास तोंडात गेले आणि बाकी सगळं बशीरभाईंच्या पायजम्यावर. भाभींचा धीर सुटला, पोर उपाशी राह्यते म्हणाल्या आणि भरवून टाकलं. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच ठरवलं की आधी दहा घास तिचे, मग उरलेलं आपण भरवायचं. परवा तहरीमनं बापाच्या ताटातला बटाटा उचलला, न विचारता. बशीरभाईंनी एवढ्या कौतुकानं शिवी दिली की मी इथे लिहू शकत नाही.

भजी बंद झाली आहेत. मला आता कांदे चिरायला बसवतात. लोभ वाढवावा, कारण या महिन्यात तो मी जरा कमावला आहे असं मला वाटतं.

तुमची,
अवनी


अमरावती
४ नोव्हेंबर २०२४

चि. अवनीस,
अनेक आशीर्वाद.

या वेळी मी लिहिते आहे, कारण तुझे बाबा तोंड लपवून बसले आहेत. लक्ष्मीपूजनाला त्यांनी सहा दुकानांचं आमंत्रण घेतलं होतं. मुहूर्त एक, दुकानं सहा. तिसऱ्या दुकानात सराफाचा नातू पूजेला बसला होता, त्याला एकेक अक्षता मोजून वाहायची हौस. तर यांनी काय केलं असेल? त्याच्या हातातलं तबक घेतलं आणि सगळ्या अक्षता एका झटक्यात वाहून मोकळे झाले! घरी येऊन स्वतःच कबूल केलं, हा त्यांचा मोठेपणा. मी तुला कळवते आहे, हा माझा.

तुला सांगायचं म्हणजे, एकदा समजलं म्हणून कायमचं समजलं असं होत नसतं. तुझाही हात पुन्हा पुढे जाईल. गेला तर आवर, आणि जीवाला लावून घेऊ नकोस. चिवड्याचा डबा केंद्रातल्या मुलीबरोबर पाठवला आहे. त्यातला अर्धा बिल्कीसचा. तिखट कमी आहे, तहरीमलाही चालेल.

थंडीत स्वेटर घालावा आणि आईबद्दलची माया वर्षभर ठेवावी.

तुझी,
आई

ता. क. सराफाच्या नातवाकडे काल जाऊन आलो. पुन्हा पूजा केली. पाऊण तास लागला. — बाबा


बार्शीटाकळी–अकोला बसमध्ये
९ जानेवारी २०२५

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

अक्षर हलतं आहे ते रस्त्यामुळे. घरी जाईपर्यंत थांबवत नाही म्हणून गुडघ्यावर वही ठेवून लिहिते आहे.

आज तहरीम अंगणवाडीत जेवली. डिसेंबरमध्ये तिला सर्दी-ताप झाला, पंधरा दिवस पुन्हा मांडीवर भरवणं सुरू झालं, तेव्हा मला वाटलं होतं की सगळं पाण्यात गेलं. भाभींना तसं वाटलं नाही. ताप उतरला त्याच दुपारी त्यांनी तिला बैठकीत बसवलं आणि मला फोन करून कळवलं, विचारलं नाही. गेल्या आठवड्यात त्या स्वतःच दीक्षाताईंकडे गेल्या आणि गुरुवारचा दिवस ठरवून आल्या. मला बुधवारी संध्याकाळी समजलं.

बशीरभाईंनी बैठक डोक्यावर घेऊन गल्लीतून नेली, मागे तहरीम भाभींच्या कडेवर. लाल स्वेटर, दोन शेंड्या, आणि या खेपेला हात कुणालाच केला नाही, कारण जाणाऱ्यांत तीही होती. अठ्ठावीस पोरं गोल बसलेली. खिचडी वाढली. तहरीम सगळ्यांकडे बघतच बसली. एक मिनिट, दोन मिनिटं. बाकीच्यांची ताटं अर्धी झाली. दीक्षाताई माझ्याकडे बघायला लागल्या. मग तिनं मूठ भरली, ती तोंडापाशी नेता नेता हात ताठरला आणि सगळी खिचडी स्वेटरवर. एक पोरगा हसला. तहरीमचा ओठ थरथरला.

आई, तू म्हणाली होतीस तसंच झालं. मी उठलेच होते. भाभींनी माझ्याकडे न बघता माझं मनगट धरलं आणि मला खाली बसवलं. स्वतःही उठल्या नाहीत. दाराजवळून एवढंच म्हणाल्या की आरामात खाय बेटा, कोनाले घाई नाही हाय.

दुसरी मूठ तोंडात गेली. तिसरी अर्धी. मग मी मोजणं सोडून दिलं. सगळी पोरं हात धुवायला गेली तरी ती खात होती, आणि दीक्षाताईंनी ताट उचललं नाही, बाजूला मांडी घालून बसून राहिल्या. शेवटी तहरीमनं रिकामं ताट उलटं करून दाखवलं. बशीरभाई बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे होते, आत यायला तयार नव्हते.

दीक्षाताई म्हणाल्या की उद्यापासून रोज आणा. मग माझ्याकडे बोट करून भाभींना विचारलं की या मॅडमनंच शिकवलं ना हिले, आमच्या अजून एका पोराले पाठवायचं हाय. मी तिथेच, हातभर अंतरावर उभी होते. बिल्कीसभाभींनी तहरीमचं तोंड ओढणीनं पुसलं आणि म्हणाल्या की मॅडम-बिडम कोनी नाही. घरीच शिकली ते. मीनंच शिकवलं तिले.

मला क्षणभर टोचलं, खोटं कशाला बोलू. आणि मग इतका आनंद झाला की मी अंगणवाडीच्या मागे जाऊन एकटीच हसत बसले. बाबा, ते अगदी खरं होतं.

बस अकोल्यात शिरते आहे. हे पत्र आईला तुम्ही वाचून दाखवा. तुम्हाला मधेच थांबावं लागेल, मग पुढचं ती वाचेल.

तुम्हा दोघांची,
अवनी